बाबांचे ओठ आणि माझा उजवा डोळा

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आजही नाही... पण हे माझ्या बाबांच्या बाबतीत घडलं, म्हणून लिहितेय.

मी लालबागला राहते, दादरला ब्लाउज शिवायचं काम करते. लग्नाआधी चष्मा जावा म्हणून लेझर केलं होतं, तरी उजव्या डोळ्यात थोडा प्लस नंबर उरला. चाळिशीनंतर तो इतका जाणवायला लागला की सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर म्हणाल्या, "कॉर्निया आधीच पातळ झालाय, पुन्हा लेझर नको. नेत्रदानातून आलेल्या कॉर्नियाची बारीक चकती आत बसवू." कुणाच्या डोळ्याची, ते सांगत नाहीत. मीही विचारलं नाही.

महिन्याभरात जवळचं स्वच्छ दिसू लागलं. तेव्हा बाबा परळच्या एका हॉस्पिटलमध्ये होते — घशाचा कॅन्सर, स्वरयंत्र काढलेलं. हातात पेन धरायचीही ताकद नव्हती. ओठ हलायचे, आम्ही नुसते अंदाज बांधायचो.

एका दुपारी डावा डोळा चुरचुरत होता म्हणून तो मिटून मी बाबांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले... आणि मला कळलं. आवाज नाही आला, पण शब्द कळले, आमच्या मालवणीत — "माका घराक व्हर."

उजवा मिटून डाव्याने पाहिलं, तर नुसते हलणारे ओठ. पुन्हा उजव्याने — "व्हर गे माका."

बाबा घरी न्या म्हणतायत, असं दादाला सांगितलं तर तो चिडलाच. "तुला वाटतंय तेच तुला दिसतंय. इथे ऑक्सिजन आहे, नर्स आहे. घरी काय करणार आपण?"

"मग मला माहीत नसलेलं काहीतरी विचार त्यांना."

मी डावा डोळा मिटून कानात घट्ट बोटं घातली. दादा बाबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. बाबांचे ओठ हलले. मी म्हटलं, "कबूतर. शर्टात लपवून आणलेलं."

दादा स्टूल ओढून बाबांजवळ बसला. "मी सात वर्षांचा होतो," तो म्हणाला. "आईलासुद्धा नव्हतं सांगितलं आम्ही."

दुसऱ्या दिवशी सह्या करून बाबांना घरी आणलं. पाच दिवस मिळाले. शेवटच्या सकाळी ते बराच वेळ बोलत होते — सगळं आईशी. तिला जाऊन नऊ वर्षं झालीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू आयकलंस."

ते गेल्यावर मी टीव्हीचा आवाज बंद करून बघितलं, शेजारणींकडे बघितलं... काही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, मेंदूला नव्या नजरेची सवय होताना भास होतात. होत असतील. पण मग कबूतर मला कुठून कळलं?

दादा अजून अधूनमधून विचारतो, "शेवटी माझं नाव घेतलं का गं त्यांनी?"

मी "हो" म्हणते. घेतलं नव्हतं.