बारशाचे वाळे

उद्या नातीचं बारसं, म्हणून सकाळी चांदीचे वाळे दात घासायच्या पांढऱ्या पावडरीनं घासत बसले. ती चांदी बघून ढोकीचा दवाखाना आठवला आणि वजनाच्या झोळीच्या काट्यात ठेवलेला माझा दोन महिन्यांचा प्रशांत.

दूध पिताना तो टकटक आवाज करायचा, अर्धं दूध ओठांच्या कडेनं मानेवर उतरायचं आणि पाच मिनिटांत दमून झोपायचा. सासूबाई म्हणायच्या, "बारीक चणीचं लेकरू हाय, वाढंल." नर्सबाईही कार्ड बघून म्हणाल्या, "महिन्यात थोडं वाढलंय की."

मला पटेना. रोज मीच उचलत होते त्याला. मागचं वजन बारशाआधीचं होतं, आणि बारशाला मामानं चांदी घातली होती.

"थांबा बाई," म्हणत मी झोळीतच त्याचे वाळे, हातातल्या बिंदल्या, कमरेची साखळी काढायला लागले.

"अगं, उघडं नको करू, नजर लागंल," सासूबाई कळवळल्या. ह्यांनी मात्र ओंजळ पुढं केली.

काटा मागच्या महिन्याच्या आकड्यावर परत आला. लेकराची सगळी वाढ ह्यांच्या ओंजळीत होती.

नर्सबाईंनी लगेच चिठ्ठी दिली. धाराशिवच्या डॉक्टरांनी बोटानं जीभ उचलून पाहिली, तर ती खाली चिकटलेली. एवढीशी चीर दिली आणि पोरगं पोटभर प्यायला लागलं.

सासूबाईंवर मी वर्षभर राग धरला. लेकरू वाळतंय हे त्यांनाही दिसत होतं, आणि भीतीपोटीच त्या चांदी काढू देत नव्हत्या, हे आज कळतं.

वाळे सुनेच्या हातात दिले आणि सांगितलं, "रोज घाल. वजनाच्या दिवशी मात्र मी स्वतः येऊन काढणार."