चाकाला बांधलेली घोडी

आमच्या धाकट्या दिरांना खोगीर तेवढं दिसायचं. खोगिराला लाल लोकरीचे गोंडे होते, ते बाजारात मिरवता येत. घोडी बांधायच्या मेखा कोण मिरवणार?

घोडी माझी होती. नवरा वारल्यावर शेती मीच पाहत असे, आणि पावसाळ्यात इंझोरीहून रिठदला आईकडे जायला दुसरं साधन नव्हतं. आमच्या काळ्या चिखलात बैलगाडी चाकांच्या आसापर्यंत रुतते. घोडी पाय उचलत निघून जाते. आई रिठदला अंथरुणाला खिळली होती. वाटेत एक मुक्काम करून मी तिच्याकडे जात असे. बाई घोडीवर बसते म्हणून लोक हसत. हसोत. ते काही मला पोचवणार नव्हते.

मुक्कामाचं सामान गोणपाटाच्या थैलीत असे: गळ्याकडून बांधायची अगाडी, मागच्या पायांची पिछाडी, बाभळीच्या मेखा, कुदळ आणि दाण्याचा तोबरा. दोर मी स्वतः अंबाडीचे वळलेले. ओल्या काळ्या मातीत मेख उभी ठोकली तर घोडी एका झटक्यात उपटते. म्हणून मी मेखेच्या मधोमध दोर बांधून ती खड्ड्यात आडवी पुरायची आणि वरून माती तुडवायची. दोर आखूड ठेवायचा. मान हलली पाहिजे, पण पाय दोरावरून पलीकडे जाता कामा नये.

श्रावणात दीर शेलूबाजारला जायला घोडी मागायला आले. मी थैली पुढे केली.

“हे लाकडं कायले, वयनी? लोक म्हणतीन, सरपण विकाले आला.”

“मुक्काम करसान का नाही?”

“सडकेवर गाडीवाले भेटतीन. त्याइच्या संगं बांधून टाकीन.”

“थैली न्या म्हटलं ना, भाऊजी.”

“नेतो, नेतो.”

ते गेल्यावर थैली दाराआड सापडली.

परत आले ते पायी. घोडी मागून लंगडत होती. मागच्या पायाला खुराच्या वर दोर घासून मांस उघडं पडलं होतं.

“गाडीच्या चाकाले बांधली होती, बैलाइच्या बाजूनं,” दीर म्हणाले. “दोर लांब सोडला, म्हटलं चरून घेईन बिचारी. बैलं कसे गप बसले! हेच येडी.”

“बैल बसून रवंथ करते. घोडी बिचकते. पाय अडकला का ओढतच राह्यते.”

“जनावर ते जनावर, वयनी.”

“मंग उद्या तुमाले वखराले जुंपते.”

ते हसले. मी हसले नाही.

पायाची सूज उतरायच्या आत रिठदहून माणूस आला. आईनं अन्न सोडलं होतं, तुम्हाला बोलावते आहे, म्हणाला. गावात दुसरं एकच तट्टू होतं, तेही मालकासोबत परगावी गेलेलं. मी चालत निघाले. गाठोडं दिरांच्या डोक्यावर दिलं. घोडीनं सहज पार केले असते असे नाले आम्ही काठावर बसून पाहिले, पाणी उतरेपर्यंत. दीर मधूनमधून “चुकलं, वयनी” म्हणत. मी पाय उचलत राहिले. चिखल तुडवताना दम फुकट घालवायचा नसतो.

रिठदला पोचलो तेव्हा आईची गोधडी धुऊन कुंपणावर वाळत घातली होती.

“कालपर्यंत दाराकडंच पाहे बुढी,” शेजारीण म्हणाली. “देवाची मर्जी, बाई.”

“देवानं नोती बांधली घोडी,” मी म्हणाले. दिरांनी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

दिवाळीपर्यंत जखम भरली. तिथं पांढरे केस आले. दीर सासुरवाडीला जायला पुन्हा घोडी मागायला आले. या खेपेला थैली त्यांनी आपणहून खांद्याला लावली होती. मी म्हटलं, आधी अंगणात मेख पुरून दाखवा. त्यांनी ती आडवी पुरली, माती तुडवली, दोर आखूड ठेवला. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. मेख हलली नाही.

“बराबर आहे,” मी म्हणाले. “आता उकरा, जागेवर ठेवा, अन् पायी जा.”