नव्या वाईनची चव घ्यायला आलेल्यांस

माझे मामा गजानन वाघाडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वादहाला, भिलाईबाहेर कुम्हारीजवळच्या एका छोट्या वाईन कारखान्यात टाकी साफ करताना गुदमरून गेले. त्यांच्यावर अन्याय झाला तो त्याच दुपारी तीनला. मालकानं ठाण्यात लिहून दिलं की मयत इसम कोणालाही न विचारता, स्वतःच्या हलगर्जीपणानं आत उतरला.

मामीचा फोन आला तेव्हा मी भिलाईत सुपेल्याच्या चौकात पत्रकं वाटत होते, आणि तीही कामगारांच्या सुरक्षेचीच. "बेबी, तुझे मामा बोलून नाही राहिले," एवढंच ती म्हणाली... पत्रकांचा गठ्ठा एका चहावाल्याकडे टाकून मी निघाले. तो परत घ्यायला मी अजून गेलेली नाही.

मामांची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटात, गॅस सेफ्टीमध्ये गेली. शर्टाच्या खिशाला मीटर लावलेलं. ते वाजलं की आधी माणसं बाहेर, बाकी सगळं नंतर. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून या जांभळाच्या वाईनच्या कामावर लागले. दरवर्षी पावसाळ्यात नव्या हंगामाची लाल वाईन टाकीतून काढली की मला बोलावणं यायचं, आणि चव घ्यायची ती स्टीलच्या ग्लासातून. काच त्यांना पटत नसे. मी म्हणायचे, मामा, रंग तर दिसू द्या. ते म्हणायचे, "रंग पाहून कावून पितं? जिभेनं सांग." एकदा मी म्हणाले, तुरट. "तुरट तं जांभूळबी असते. त्याच्या मागून काय येऊन राहिलं?" मी विचार करून म्हणाले, लोखंड. मामा डोळे पुसेपर्यंत हसले. "भिलाईची पोट्टी हायेस. तुले खिरीतबी लोखंडच लागन." मग समजावत, नवी वाईन म्हणजे नवा ट्रेनी, आल्या आल्या सगळ्यांशी भांडते, तुझ्यासारखी, तिले थोडं बसू द्या लागते.

त्यांची चूकही सांगते, नाहीतर दुसरं कोणी ती मला ऐकवेल. टाकीत उतरताना त्यांच्या खिशाला प्लांटातल्यासारखंच मीटर होतं. ते भट्टीचा गॅस ओळखतं. फळ आंबताना निघणारा गॅस निराळा, तो टाकीच्या तळाशी चोथ्यावर साचून राहतो आणि त्या मीटरला कळतच नाही. ज्याच्या आवाजावर आयुष्यभर विश्वास ठेवला ते वाजलं नाही, म्हणून मामा निर्धास्त उतरले... पण कोणालाही न विचारता?

पोळ्याच्या आधीच्या रविवारी दुपारी यंदाची नवी वाईन चाखायला मालकानं पाहुणे बोलावले होते. त्यात प्लांटच्या वसाहतीतली, सेक्टरमधली आपली मराठी कुटुंबं बरीच होती, काही चरोद्याची, रेल्वेत नोकरी करणारी. मामा तोटीपाशी उभे राहून प्रत्येकाचा ग्लास भरत होते. यंदाची चव आंबटसर, जीभ आवळणारी. कोणीतरी म्हणालं, दिवाळीपर्यंत छान होईल. तेवढ्यात मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "वाघाडेजी, पोला के अगले दिन ये टंकी साफ चाहिए. आप खुद उतरकर देख लेना." मामांनी ग्लास भरता भरता दोरखंड मागितला, बाहेर एक माणूस मागितला, आतली हवा तपासायचं यंत्र मागितलं. मालक म्हणाला, "अरे, फल का रस है, ब्लास्ट फर्नेस थोड़े ही है." सगळे हसले. मीही हसले. मामा हसले नाहीत, त्यांनी पुढचा ग्लास हातात घेतला. मागितलेलं काहीच त्यांना मिळालं नाही.

हे मी ठाण्यात सांगितलं. उत्तर मिळालं, तुम्ही भाची आहात, तुमचं सोडा, दुसरं कोणी आहे का? मी आठजणांच्या दारी गेले. कोणाला नीटसं आठवत नव्हतं, कोणी म्हणालं आपल्याला कशाला भानगड. वाईनची चव मात्र सगळ्यांना आठवत होती.

हे छापून येतंय ती वर्तमानपत्राची पुरवणी तुमच्या घरी येते, मला माहीत आहे. त्या रविवारी तुम्ही तिथे होतात. या सोमवारी कुम्हारीच्या ठाण्यात या आणि मालक काय म्हणाला ते तुमच्या सहीनं लिहून द्या. आपण हसलो, तेही लिहा. मी लिहिलंय.