अमेयची किटली

दादाचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. "माई, आपला अमेय गेला गं," एवढंच म्हणाला. तेहतिसाव्या वर्षी, लिव्हर निकामी होऊन. दीड महिना झाला, पण भेटायला येणारे अजून हळूच विचारतात, "प्यायचा का हो?" अहो, दारूच्या थेंबाला शिवला नव्हता माझा भाचा! पण त्याला काय पाजलं ते मला ठाऊक आहे.

गोष्ट दादाचा अमेय नऊ वर्षांचा होता तेव्हाची. दादाला नुकतीच कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती, फ्रिज कोल्ड्रिंकने भरलेला. पोर गुबगुबीत, 'खात्यापित्या घरचं' म्हणून आम्हीच मिरवायचो. पोट दुखतं म्हणून रक्त तपासलं, तर लिव्हरचं एसजीपीटी वाढलेलं. लॅबमधल्या बाईंनी मला बसवून सांगितलं, "ही कावीळ नाही, बिलिरुबिन नॉर्मल आहे. ट्रायग्लिसराइड्सही वाढलीत, लिव्हरवर चरबी साठत असणार. डॉक्टरांना दाखवा, गोड बंद करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा."

"एवढ्याशा पोराला कसली चरबी? नजर नका लावू," मी फटकारलं. लिव्हर बिघडलं म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे उसाचा रस, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी तेव्हा मांजरी गावातल्या शाळेत शिकवायचे. विषय काय, तर शरीरशास्त्र! शाळा सुटली की रसवंतीतून बिनबर्फाचा रस किटली भरून न्यायचे. अमेय दारातच उभा असायचा. पोट दुखायचं थांबलं, तरी त्याला आवडतो म्हणून रस वर्षानुवर्षं चालू राहिला. रक्त पुन्हा कुणी तपासलंच नाही.

पुढे तोही आयटीत लागला, दिवसभर खुर्चीत. एके दिवशी पाय सुजले, पोटात पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, "लहानपणीच कळायला हवं होतं." मी म्हटलं, "कळलं होतं." एकट्या रसाने एवढं होत नसतं, असं ते समजावत राहिले. मला नाही पटत.

शेवटच्या आठवड्यात अमेय हसून म्हणाला, "आत्या, डोळे बघ, आता खरंच पिवळे झालेत. रस आण ना."

किटली ओट्याखाली पालथी आहे. वहिनी म्हणते, टाकून द्या. हात धजत नाही. त्याने रस मागितला त्या दिवशी मी ती घासून पुसून पिशवीतही घातली होती... पण नेली नाही. लॅबमधल्या बाईंचं मी तेवढं एकदाच ऐकलं.