पळताना त्रास होतो का?

"घाई कायची हाय, मॅडम?" असं म्हणून ते गाडी आणखी थोडी हळू करायचे. मी तोंडाने काही बोललेली नसायची. घड्याळाकडे नुसतं पाहिलेलं असायचं.

शेलूबाजारला भाड्याच्या जीपगाड्या उभ्या असतात, त्यातली एक त्यांची होती. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. आमचं काम वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये होतं. पूर्ण दिवस भरायच्या आधी जन्मलेली मुलं आता शाळेत जात होती. त्यांचं जगणं कसं चाललंय, हे आम्ही त्यांनाच विचारत होतो. पळताना त्रास होतो का, झोप लागते का, उदास वाटतं का, वर्गातली मुलं चिडवतात का. हेच प्रश्न मग आईला किंवा वडिलांना वेगळं बसवून, त्यांच्या मुलाबद्दल विचारायचे. उत्तरं तीनच: कधीच नाही, कधी कधी, नेहमी.

तुम्हीही या बाजूच्या जीपगाड्यांतून फिरला असाल, तर त्या कशा पळतात ते तुम्हाला माहीत आहे. भाऊंची पळत नसे. सोयाबीन भरलेला ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न वाजवत आमच्या पुढे निघून जायचा. भाऊ खिडकीतून हात काढून त्याला खुशाल वाट द्यायचे. पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत एकदा आम्ही गर्दीत सापडलो. पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. त्या दिवशी भाऊ फार खुशीत होते. म्हणाले, "पाहा, आज सगळे बराबर चालवून राह्यले."

काही दिवस आमचे प्रश्न कानावर पडल्यावर एकदा त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहत विचारलं, "आमच्या पोरीले नाही इचारत का तुमी? ते बी सातव्या महिन्यातलीच हाय."

मुलीचं नाव आमच्याकडे होतंच. आसेगावची, चौथीतली. ती भाऊंची मुलगी हे मात्र मला तेव्हा कळलं.

तिच्या घरी जाताना वाटेत त्यांनी तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. बायकोला सातव्या महिन्यात झटके आले होते. ती एका वॉर्डात बेशुद्ध, मुलगी दुसऱ्या वॉर्डात काचेच्या पेटीत. काही दिवसांनी नर्सने यांनाच बोलावलं आणि शर्ट काढायला सांगितला.

"मले लाज वाटली ना, मॅडम. पन त्या सिस्टरनं पोरगी माह्या छातीवर ठेवली न् वरून फडकं बांधलं. कबुतराच्या पिलावानी होती. मी श्वास बी हळू घेत होतो. म्हटलं, जोरात घेतला तं हे उठन."

मग ते स्वतःशीच हसले. "मले कायचीच घाई नाही. सारी घाई हिनंच करून घेतली."

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या शेजारी मुलीचा शाळेतला फोटो. उन्हाळा लागला होता, तरी मुलीच्या अंगात लोकरीचा स्वेटर. आई कामावर गेली होती, म्हणून मोठ्यांच्या प्रश्नांना भाऊ बसले. एरवी एका शब्दात संपणाऱ्या प्रश्नांना त्यांनी खूप वेळ घेतला. पळताना त्रास होतो का? "नेहमी." दम लागतो का? "नेहमी. म्हनून तं मी पळूच देत नाही. गुरुजीले सांगून ठेवलं हाय, हिले मैदानात नका नेऊ." शाळा हाकेच्या अंतरावर होती, तरी शेलूबाजारला निघण्याआधी तिला ते जीपने सोडायचे.

मग मी मुलीला घेऊन अंगणात बसले. भाऊ आत थांबले.

"पळताना त्रास होतो का गं?"

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "कधीच नाही. बाबा गाडी घेऊन गेले का मी स्वेटर काढतो न् पळतो. सुटीत आमी रोज पळतो." थोडं थांबून म्हणाली, "बाबाले नका सांगू. त्याइले भेव वाटते."

परतताना भाऊंनी विचारलंच. "काय म्हने पोरगी?"

"भाऊ, मुलांनी सांगितलेलं आम्हाला कोणालाच सांगता येत नाही."

"बापाले बी नाही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते पुन्हा तसं विचारायचे नाहीत, पण गाडीतल्या गप्पा कमी झाल्या. मुलीने माझ्याशी बोलावं आणि आपल्याशी बोलू नये, हे त्यांना लागलं असावं. मलाही ते गप्प बसलेले आवडत नव्हते.

पुढे आसेगावातल्याच दुसऱ्या एका घरी आम्हाला जायचं होतं. दुपारची सुटी झालेली होती. शाळेच्या कुंपणाजवळ भाऊंनी अचानक गाडी थांबवली. मैदानात पोरींचा घोळका सुसाट धावत होता आणि त्यात सगळ्यांत लहानखुरी ती होती. स्वेटर हापशीवर टाकलेला. भाऊंचा हात हॉर्नवर गेला. तो हात तसाच राहिला, पण हॉर्न वाजला नाही.

"दम लागून राह्यला तिले," ते म्हणाले. मग, "पन हसून राह्यली."

घंटा होऊन पोरी वर्गात गेल्या तेव्हा त्यांनी गाडी सुरू केली. त्या घरापाशी उतरताना ते म्हणाले, "मॅडम, ते पळायचं मले पुन्हा इचारता का? माह्यं उत्तर बदलाचं हाय."

दिलेलं उत्तर नंतर बदलता येत नव्हतं. मी तसं सांगितलं. "राहू द्या मंग," ते म्हणाले, "तिले तं समजन." दुसऱ्या दिवशी मुलगी चालत शाळेत गेली, हे त्यांनी मला तीन-चारदा तरी सांगितलं.

आमचं काम संपलं. भाऊंनी जीप विकली आणि बायको-मुलीला घेऊन ते मेव्हण्याच्या ओळखीने पुण्याकडे शाळेच्या बसवर चालक म्हणून लागले. कधीमधी फोन यायचा. "साठ लेकरं बसवतो, मॅडम. सारे वरडतात, काका पळवा ना." मग हसू. मग फोन कमी झाले. मी करीन करीन म्हणत होते.

यंदा त्याच मुलांना पुन्हा विचारायचं ठरलं. जी मुलं जिल्ह्याबाहेर गेली, त्यांना फोनवर. तिच्या आईचा नंबर लागला. आईने होकार देऊन फोन लगेच मुलीकडे दिला. आवाज मोठा झाला होता, बोलण्यात पुण्याची लय आली होती. ती सातवीत होती. पळण्याच्या प्रश्नाला ती हसली आणि शाळेच्या खो-खोच्या संघात असल्याचं सांगू लागली. मलाही मजा वाटत होती. बाबा कुठे आहेत, बसवर का, हे सगळं झाल्यावर विचारू, असं मी मनात ठरवलं होतं.

"गेल्या महिन्यात कधी उदास वाटलं का?"

"नेहमी," ती म्हणाली. "बाबा गेले ना, मॅडम. कावीळ झाली होती. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

तिकडे तिच्या खिडकीखालून वाहनं जात होती, त्यांचे आवाज येत होते. ती थांबून होती. मग तिनेच, आजवर माझ्याशी कधी बोलली नव्हती इतक्या समजुतीने, म्हटलं, "मॅडम, इचारा ना पुढचं."

पुढचा प्रश्न झोपेचा होता. रात्री झोप लागते का. मी तो विचारला.