पेज चालली!

हौसाआजी मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडीची मदतनीस होती. मदतनीस हा आपला सरकारी शब्द. खरं तर अंगणवाडी तिचीच. सेविका यायच्या नि जायच्या. सव्वीस वर्षांत पाच झाल्या, सहावी भावना. ही आसनगावची मुलगी, लग्न होऊन पाड्याखालच्या गावात आलेली, मोबाईलवर माहिती भरण्यात पटाईत. पहिल्याच दिवशी खोली बघून ती दारातच थबकली. एका कोपऱ्यात चूल आणि उरलेल्या जागेत एकोणीस पोरं. गॅस मिळाला होता, पण सिलिंडर संपला की नवा पाड्यावर यायला मुहूर्त लागायचा.

"आजी, इथं कदी कोणी भाजलं नाय?" भावनानं विचारलं.

"हितं नाय," आजी चुलीत लाकडं सारत म्हणाली.

भावनाला ही चक्क थाप वाटली.

साडेअकराला भात शिजला. आजीनं टोपावर झाकण दाबून धरलं, टोप कलता करून भात वेळला आणि निथळलेली पेज पातेल्यात काढली. पोरांना जेवणाआधी मीठ घातलेली कोमट पेज मिळायची. आता ते वाफाळतं पातेलं सहा पावलांवरच्या उंच ओट्यावर न्यायचं होतं. आजीनं पदर खोचला, फडक्यानं काठ धरले आणि उचलायच्या आधी खच्चून ओरडली, "पेज चालली!"

एकोणीसच्या एकोणीस पोरं धपाधप खाली बसली. धावणारं धावता धावता बसलं, भांडणारी दोघं एकमेकांचे केस धरून बसली. आजी त्यांच्यामधून गेली, पातेलं ओट्यावर टेकवलं, "पोचली!" म्हणाली, आणि गलका होता तसा पुन्हा सुरू झाला. भावनानं तोंडात बोट घातलं. घरी तिची एकुलती एक पोर हाक मारल्यावर मानसुद्धा वळवत नसे.

"पोर पुडं बघून भाजत नाय, बाय," आजीनं सांगितलं. "खेलता खेलता मागं मागं सरतं नि भांड्यात बसतं. खाली बसलेलं पोर मागं सरत नाय."

नवीन पोर आलं की आजी रोज सकाळी रिकामं पातेलं घेऊन खोलीभर फिरायची, ओरडायची आणि सगळ्यांना बसवायची. पोरांना तो खेळच वाटे. मठ्ठातलं मठ्ठ पोरही आठवड्याभरात तयार व्हायचं. तीन वर्षांच्या जिवांची ही शिस्त बघून भावनाच्या अंगावर रोज काटा यायचा, आणि रोज तिला आजीच्या पाया पडावंसं वाटायचं.

दिवाळीनंतर सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला कल्याणला गेल्या आणि भावनाला दीड वर्षाच्या हर्षालीला सोबत आणावं लागलं. दुसऱ्याच दिवशी मीठ संपलं. आजी शेजारच्या घरी मीठ मागायला गेली आणि इकडे भात झाला. म्हातारीला तेवढीच मदत, म्हणून भावनानं तो वेळला. मग जे माहेरी केलं होतं, सासरी करत होती, तेच तिनं केलं. पेज निवायला जमिनीवर ठेवली. आपल्याकडे पेज जमिनीवरच निवते, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ओरडायचं तर तिला सुचलंसुद्धा नाही. ती पोरांचे फोटो काढायला वळली.

फोटोच्या चौकटीत तिला हर्षाली दिसली. हातात वाटी नाचवत, खिदळत, मागे मागे पातेल्याकडे चाललेली. मोबाईल टाकून भावना धावली, पण मधे अख्खी खोली होती.

आणि तेव्हा तिला कळलं, की खोली गप्प झाली आहे. पातेलं जमिनीवर दिसताच बाकीची सगळी पोरं आपापल्या जागी खाली बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं, आजी तर खोलीतही नव्हती. चार वर्षांच्या रोशननं बसल्या बसल्या हात लांबवला, हर्षालीचा फ्रॉक पकडला आणि हिसका दिला. टर्रकन फ्रॉक फाटला आणि पोर त्याच्या मांडीत आदळली. तिच्या पाठीत आणि पातेल्यात वीतभर अंतर होतं.

भावनानं तिला उराशी घेतलं. ज्याला अजून चपला सरळ घालता येत नाहीत, त्या पोरानं तिची लेक वाचवली होती.

आजी मीठ घेऊन दारात आली. एका नजरेत तिला सगळं समजलं. आता चांगलीच खरडपट्टी निघणार, असं भावनाला वाटलं. आजीनं आधी पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं.

"फ्रॉक कोनी फाडला?"

"मी," रोशन रडकुंडीला आला. "ती बसतच नवती."

आजी त्याच्यासमोर बसली. त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग वाकून त्याच्या मळक्या पायांवर डोकं ठेवलं. पोरगं बावरून पाय ओढून घेऊ लागलं.

"आजी, अवो हे काय?" भावना पुढे झाली.

"माजी लेक, पारू, पन हिच्याएवडीच व्हती," आजी म्हणाली. डोकं तिनं वर उचललं नाही. "अशीच मागं मागं गेली. मी दारातच व्हते गो. वरडले पन. पन वरडल्यावर काय करायचा, ते मी तिला शिकवलाच नवता."