म्हसोबाचा नारळ

हे मी कुणालाच बोललो न्हाई. बायकोला न्हाई, फादरला न्हाई, पिऊन पडलो तवा नालीला बी न्हाई — आन पिल्यावर तर मी नालीला सगळंच सांगत असतो. लिहिता येत न्हाई मला. शाळा दुसरीतच सुटली; मास्तर म्हणले, लई बरं झालं. आता फोनपुढं बोललं की अक्षरं उठतात म्हणं. म्हणून बोलतो. फोन हसत तरी न्हाई.

मी याकुब. लातुरात डाळमिलीत पोती उचलतो. गाव हदगावकडलं. गावात आमची कॅथलिक लोकांची पंधरा-वीस घरं, एक पत्र्याचं चर्च, आन त्या चर्चातला जोकर मी. नाताळाला मिस्सा, म्हंजी चर्चातली मोठी प्रार्थना, झाली की अंगणात जेवणं, जेवणं झाली की माझ्या नकला. सरपंचाची, कंडक्टरची, म्हशीची. म्हशीची लई भारी करतो. बायको म्हणती, त्यात करायचं काय, नुसतं उभं राहिलं तरी झालं.

आन आमच्यात एक मार्थाआत्या व्हती. सगळ्या वस्तीचीच आत्या. रोझरी, म्हंजी माळेवरची प्रार्थना, पुढं होऊन तीच म्हणायची, आन कुणी जरा वाकडं गेलं की भर चर्चात झापायची. मी गणपतीच्या मिरवणुकीत नाचलो, तवा सगळ्यांदेखत म्हणली, "याकुबा, मान येशूपुढं वाकवतोस आन कंबर गणपतीपुढं व्हय रं?" लोकं हसले. माझ्यावर हसायची मला सवय हाय — पण दुसऱ्यानं केलेल्या चेष्टेवर? ते झोंबलं. लई झोंबलं.

आता सांगतो. थांबा जरा.

नाताळाच्या आधी पापं सांगायची रांग असती. मोठ्या चर्चात त्याला लाकडाची खोली असती म्हणं. आमच्याकडं कोपऱ्यात फादरची खुर्ची आन दोरीवर टाकलेली चादर. बाकीच्यांनी पार दाराकडच्या भिंतीला उभं राहायचं, कानावर काही येऊ नये म्हणून. आत्या चादरीपाशी गुडघे टेकून बसली. मागं नंबर माझा. आत्याचा आवाज मोठा म्हणून ऐकू आलं — असं मी मनाला लई वर्षं पटवलं. खोटं हाय. मेणबत्ती सरळ करायचं निमित्त करून चार पावलं पुढं गेलो. मेणबत्ती सरळच व्हती.

आत्याच्या नातवाला झटके आले व्हते. दवाखाना झाला, रोझरी झाली, उतार न्हाई. तवा आत्या पहाटं एकटीच वेशीबाहेर गेली आन म्हसोबाला नारळ फोडून आली. पोरगं त्याच दिवशी उठून बसलं. "फादर," आत्या रडून राहिली व्हती, "त्याला बरं कुणी केलं ओ? मला कळंना झालंय."

असं कुणी रडत असंल तर माणसानं काय करावं? माघारी जावं. आन मी मनात काय म्हणलो? म्हणलो, गावली नक्कल.

नाताळाच्या दुपारी डोक्यावर टॉवेल घेतला, हातात माळ घेतली, गुडघ्यावर बसलो. 'नमो मारिया' म्हणता म्हणता मान इकडं, मान तिकडं — आन काखेतनं नारळ काढून, फाडदिशी! लोकं लोळले. सगळ्यांना झापणारी आत्या म्हसोबापुढं! त्यांना वाटलं, याकुबानं मनानंच रचलंय. आत्या हसली न्हाई. माझ्याकडं तिनं बघितलं बी न्हाई. ती फादरकडं बघून राहिली. फादर हातात पत्रावळ धरून उभे, भात तसाच.

दुसऱ्या दिवशी आत्या माझ्या दारात. "खरं सांग याकुबा. म्या फकस्त फादरपाशी बोलले व्हते. तुला त्यांनीच सांगितलं न्हवं?"

'न्हाई आत्या, मीच कान लावला' — केवढंसं वाक्य हाय हे? म्हशीला बी बोलता आलं असतं. मी म्हणलो, "आत्या, फादर बी माणूसच हाय की." आन हसलो.

खोटं बोललो का? एक शब्द खोटा न्हाई त्यात. तेच तर.

त्या दिवसापासून आत्यानं पापं सांगणं सोडलं. पापं सांगितल्याबिगर घेता येत न्हाई, म्हणून मग मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद बी घेईना. सगळे उठून पुढं जायचे, ती सतरंजीवर एकटी बसून राहायची. फादरनं फोडलं म्हणून तिनं सुनेला सांगितलं, सुनेनं नळावर सांगितलं. फादरच्या चादरीपुढची रांग आटली.

आन फादर काय बोलणार? चादरीआड ऐकलेलं मरेस्तोवर तोंडातनं काढता येत न्हाई त्यांना. 'आत्याचं मी सांगितलं न्हाई' म्हणलं, तरी सांगण्यासारखं काही व्हतं हे कबूल केल्यागत. त्यांचं तोंड बांधलेलं. सोडवणारा गावात एकच माणूस — आन तो दात काढत फिरून राहिला व्हता. एकदा त्यांनी मला शिडी धरायला बोलवलं. बल्ब बदलला, खाली उतरले, आन त्यांच्या तिकडच्या दक्षिणेतल्या मराठीत म्हणले, "याकुब, काही सांगायचा आहे?" मी वर बघून म्हणलो, "न्हाई फादर. बल्ब तेवढा वाकडा बसलाय."

वर्षभरात त्यांची बदली झाली. एक पत्र्याची पेटी, तेवढंच सामान. यष्टीपर्यंत मीच नेली. पोचवायला दुसरं कुणी आलंच न्हाई.

आत्या गेली त्या दिवशी बी मी तिथंच व्हतो. नवे फादर मरणाऱ्याला लावतात ते तेल लावायला आले, पाप सांगायचंय का विचारलं. आत्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी उंबऱ्यात उभा. तोंड उघडलं — आता निघंल, आता निघंल — आन निघालं काय? "आत्या, बिनधास्त सांगा, ह्या फादरला तर मराठी बी येत न्हाई!" घरातले रडता रडता हसले. आत्यानं तोंड काही फिरवलं न्हाई.

मी अजून दर महिन्याला गावी जाऊन पापं सांगतो. शिव्या दिल्या, दारू पिली, पोत्याच्या थप्पीआड झोपलो. चादरीमागनं हसू येतं. हे तेवढं सांगत न्हाई. कारण फादर काय म्हणतील ते मला ठाऊक हाय — माफी हाय, आता जा, पत्रसला सांग.

पत्रस आत्याचा पोरगा. माझ्याच मिलीत हाय. कामाला मीच लावला. तो चर्चात पाय ठेवत न्हाई, लेकरांना बी येऊ देत न्हाई. काल टपरीवर मिलीतल्या एका नव्या माणसानं त्याला विचारलं, का रं बाबा जात न्हाईस? पत्रस म्हणला, "आमच्या फादरनं माझ्या मायची इज्जत चव्हाट्यावर मांडली. विचार ह्या याकुबभाऊला, ह्याला सगळं ठाऊक हाय."

नवा माणूस माझ्याकडं बघून राहिला. पत्रसनं त्याच्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

मी मान हलवली. हो म्हणून.